मालिकेतल्या आईला कॅन्सर: ट्रॅक लिहिताना

आधी कोणता कॅन्सर ते ठरवा. नुसतं ‘कॅन्सर’ म्हणून भागत नाही. उपचार, खर्च, दिसणं सगळं त्यावर ठरतं. समजा स्तनाचा. गाठ लागली की मॅमोग्राफी, सोनोग्राफी, मग सुईने बायोप्सी. रिपोर्टला काही दिवस लागतात. त्याच भागात डॉक्टरला ‘शेवटची स्टेज’ म्हणायला लावू नका. हे थांबणंच खरं नाट्य आहे: कुकरच्या शिट्ट्या चालू, आणि फोन वाजला की सगळे गप्प.

केमो बहुधा 21 दिवसांनी एकदा. त्यातलं डॉक्सोरुबिसिन हे औषध लाल असतं, त्यानंतर एखाद-दोन दिवस लघवीही लालसर होते. या औषधाने केस दोन-तीन आठवड्यांनी गळू लागतात. आधी उशीवर, कंगव्यात, न्हाणीच्या जाळीत. दुसऱ्याच दिवशी टक्कल दाखवलं तर ज्यांनी हे भोगलंय त्यांना लगेच खटकतं. भुवयाही विरळ होतात, म्हणून मेकअपदादांना तारखांचा तक्ता द्या.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. तेव्हा 100.4 फॅरनहाइट ताप म्हणजे रात्रीच हॉस्पिटल. सुनेने पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहणं जिवावर बेतू शकतं. हा प्रसंग जरूर लिहा, आणि त्यामागचं कारण डॉक्टरच्या तोंडी स्पष्ट घाला.

या आईपासून, म्हणजे सुनेच्या सासूबाईंपासून, रिपोर्ट लपवण्याचा ट्रॅक महिनाभर ताणू नका. संमतिपत्रावर सही त्यांचीच लागते. नवस बोलू द्या, पण काढ्याने गाठ विरघळवू नका. ते पाहून कुणीतरी खरे उपचार सोडेल.