वर्षानुवर्षं चालणारी सामाजिक पाहणी: पहिल्याच फेरीत या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यातल्या शिरापूर आणि कळमण या गावांत इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती-संशोधन संस्थेने १९७५ साली कुटुंबांचा अभ्यास सुरू केला आणि पुढे त्याच कुटुंबांकडे पुन्हा जात राहिली. आज असा अभ्यास आखणारे बहुतेक जण पुढेमागे रेशन, शाळा, दवाखान्याच्या नोंदी त्याला जोडू, असं ठरवतात. ही जोडणी फसते ती पहिल्या फेरीच्या फॉर्मवरच.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. फॉर्मवर 'सुनीता बबन जाधव' असते. पुढच्या फेरीपर्यंत तिचं लग्न होतं, तपासनीस 'घरात नाही' अशी खूण करतो आणि ती अभ्यासातून कायमची गळते. शाळेच्या दाखल्यावर ती जाधव, रेशनकार्डावर सुनीता दत्तात्रय पवार. काही घरांत तर लग्नात पहिलं नावही बदलतं. म्हणून पूर्ण नाव एकाच रकान्यात कोंबू नका. स्वतःचं, वडिलांचं, नवऱ्याचं नाव, माहेरचं आणि सासरचं आडनाव, सगळं वेगवेगळं लिहा. पहिली फेरी होऊन गेली असेल, तर माहेरी जाऊन 'मुलगी कुठे दिली?' एवढं विचारा. गाव आणि फोन बहुतेक वेळा तिथेच मिळतो.

जन्मतारखेवर भिस्त ठेवू नका. शाळेत नाव घालताना सर्रास १ जून लावलेली असते, त्यामुळे एकाच गावात एकाच नावाची, एकाच तारखेची दोन माणसं सापडतात. तोंडी सांगितलेलं वय ३५, ४०, ४५ असं गोल येतं. जुळवताना दोन-तीन वर्षांची सूट ठेवा, आणि आईचं नाव ताडून पाहा.

गावांचे संकेतांकही, म्हणजे सरकारी नोंदींतले त्यांचे क्रमांकही, बदलतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. जुना संकेतांक पुसू नका, नवा शेजारी लिहा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: न जुळलेल्या नोंदी टाकून देणं. भारत मानव विकास सर्वेक्षणाने २००४-०५ मध्ये ४१,५५४ कुटुंबं गाठली होती. २०११-१२ मध्ये त्यांतली सुमारे ८३ टक्के पुन्हा भेटली. एवढ्या मोठ्या देशात हे मोठंच काम आहे. पण कुठल्याही पाहणीत जी माणसं सुटतात, ती सहसा सारखीच असतात: लग्न होऊन गेलेल्या मुली, भाडेकरू, दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बीडहून बाहेर पडलेली जोडपी. जानेवारीत दाराला कुलूप दिसलं, तर 'नकार' लिहू नका. हंगाम संपल्यावर परत जा. जुळलेल्या आणि न जुळलेल्यांची जात, जमीन, शिक्षण समोरासमोर मांडा आणि तो तक्ता अहवालात छापा. तो नसेल, तर निष्कर्ष गावात टिकून राहिलेल्यांपुरतेच खरे असतात.

संमतीही एकदाच घेऊन भागत नाही. 'सर्व सरकारी नोंदी' असं मोघम लिहून सही घेऊ नका. कुठली नोंद, कशासाठी, किती वर्षं, आणि नको झाल्यास कुणाला सांगायचं, हे वाचून दाखवा. लहानपणी आईबापांनी होकार दिला असला, तरी १८ वर्षं पूर्ण झाल्यावर त्या मुलाला किंवा मुलीला स्वतःला विचारा. नाव-पत्त्यांची फाइल उत्तरांपासून वेगळी, वेगळ्या माणसाच्या ताब्यात ठेवा.