पोस्टडॉकचा अर्ज नेमका कुठे अडतो? निरीक्षणात्मक विश्वशास्त्रातल्या उमेदवारांनो, या चुका टाळा

दिवाळीच्या सुमारास मला पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनाच्या नोकरीसाठी, अर्ज करणाऱ्यांचे एक-दोन फोन ठरलेले असतात. "दादा, पुढच्या आठवड्यात डेडलाइन आहे. रिसर्च स्टेटमेंटवर जरा नजर टाकशील का?" आजवर काय संशोधन केलं आणि पुढे काय करणार ते सांगणाऱ्या त्या पानांवर मी नजर टाकतो. बहुतेकदा काम चांगलं असतं, आणि तरी हा अर्ज पुढे जाणार नाही हे पहिल्या पानावरच कळतं. दीर्घिकांची सर्वेक्षणं, सुपरनोव्हा (ताऱ्यांचे स्फोट), सीएमबी (महास्फोटानंतर उरलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारण), हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लहरींची रेडिओ निरीक्षणं या विषयांतले अर्ज कुठे अडतात ते आधी मी स्वतः अडकून शिकलो, मग इतरांचे अर्ज वाचून.

अडचण कुठली आहे ते आधी ओळखा. कुठूनच उत्तर येत नाही, मुलाखत होते पण पुढे काही घडत नाही, आणि निवड होऊनही रुजू होता येत नाही, ही तीन वेगळी दुखणी आहेत. त्यांवर औषधही वेगळं.

कुठूनच उत्तर येत नाही

आधी कॅलेंडर तपासा. "थिसिसचं सबमिशन झालं की बघू" असं म्हणणाऱ्यांचं एक वर्ष हमखास जातं. अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या जॉब रजिस्टरवर जाहिराती ऑगस्टपासून वाढायला लागतात, बऱ्याच मुदती ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये संपतात, आणि रुजू व्हायचं असतं पुढच्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे मार्चमध्ये थिसिस देऊन मग शोधायला लागलात, तर मुख्य हंगाम उलटलेला असतो. युरोपातल्या मारी क्युरी फेलोशिपची मुदत तर साधारण सप्टेंबरातच येते, आणि तिथे यजमान संशोधकासोबत बसून प्रस्ताव लिहायचा असतो. गणपतीत पहिली मेल पाठवून ते काम होत नाही.

दुसरी चूक नियम न वाचण्याची. नासाच्या हबल फेलोशिप कार्यक्रमाला कोणत्याही देशाचा नागरिक अर्ज करू शकतो, हेच आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसतं. मात्र २०२४ आणि २०२५ मध्ये तिथे प्रत्येकी २४ जण निवडले गेले, तेही खगोलशास्त्राच्या सगळ्या शाखा मिळून. तेव्हा अर्ज जरूर करा, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. एखाद्या प्रकल्पाच्या पैशातून निघणाऱ्या जागा दिसायला साध्या, पण बहुतेकांची पहिली नोकरी तिथेच लागते.

मारी क्युरीची अट आणखी फसवी आहे. मुदतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला किंवा मुख्य काम केलेला उमेदवार बाद होतो. हौसेने दीड वर्षासाठी जर्मनीला जायचं आणि मग जर्मनीतल्याच संस्थेसाठी प्रस्ताव लिहायचा, हा सापळा त्यातला. पुण्यात बसून अर्ज करणाऱ्याला ही अट आडवी येत नाही. पुण्यातली आयुका आणि एनसीआरए, मुंबईची टीआयएफआर किंवा बंगळुरूची रामन संशोधन संस्था इथला पोस्टडॉक म्हणजे "बाहेर काही जमलं नाही म्हणून" असं मानणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत. त्यांच्या डेटावर हात बसलेला माणूस एसकेए या येऊ घातलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या काळात कुठेही चालतो.

आता मुख्य गोष्ट. रिसर्च स्टेटमेंट.

मी वाचलेल्या दर दोन स्टेटमेंटांमागे एकाची सुरुवात हबल स्थिरांकापासून, म्हणजे विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय त्या आकड्यापासून होते. सुपरनोव्हांवरून ७३, प्लँक उपग्रहाच्या सीएमबी निरीक्षणांवरून ६७.४, आणि हे कोडं किती गहन आहे. अहो, हे भांडण समितीतल्या प्रत्येकाला पाठ आहे, काहींनी त्यात हयात घातली आहे. तुमच्या तीन-चार पानांतलं अर्धं पान तिथे खर्ची पडतं आणि तुम्ही कोण ते अजून कळलेलंच नसतं. पहिल्या परिच्छेदात तुम्ही काय मोजलंत ते आलं पाहिजे. विश्वाचं कोडं चौथ्या ओळीपर्यंत थांबू शकतं.

याहून मोठी गफलत मोठ्या गटात काम करणाऱ्यांची होते. ॲरिझोनातल्या डेसी या दीर्घिकांच्या सर्वेक्षणासारख्या ठिकाणी एका शोधनिबंधावर शेकडो नावं असतात, तीही अनेकदा वर्णानुक्रमाने. बायोडेटात "३० शोधनिबंध" असं लिहिलं की वाचणारा खूश होत नाही, तो त्यातले तुमचे दोन शोधायला लागतो. सापडले नाहीत तर पान उलटतो. ताम्रसृती म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला ते. पण "ताम्रसृतीच्या विश्लेषणात सहभाग" हे वाक्य निरुपयोगी आहे. त्याऐवजी लिहा: "अंधूक दीर्घिकांच्या ताम्रसृती कुठे चुकतात हे शोधणारी चाचणी मी लिहिली, तीत सापडलेला दोष वर्णपटातून आकाशाचा प्रकाश वजा करण्याच्या पायरीत होता, आणि तो दुरुस्त झाल्यावर अंतिम आकडा किती सरकला ते अमुक आकृतीत आहे." लांबलचक वाक्य, पण यात माणूस दिसतो. आपल्याकडे "मी केलं" म्हणायला जीभ अडखळते. "आम्ही केलं" हे घरात शोभतं, अर्जात त्याने नुकसान होतं.

आणि दोष लपवू नका. या शाखेत हे इतर शाखांहून जास्त लागू पडतं, कारण आपला इतिहासच तसा आहे. मार्च २०१४ मध्ये बायसेप-२ या दक्षिण ध्रुवावरच्या प्रयोगाने आदिम गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी प्लँकसोबतच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं की त्या संकेताचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा होता. २०१८ मध्ये एजेस या रेडिओ प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्झजवळ पहिल्या ताऱ्यांच्या काळाचा संकेत दिसल्याचं म्हटलं. रामन संशोधन संस्थेच्या गटाने आपली सारस अँटेना कर्नाटकातल्या जलाशयांवर तरंगवली आणि २०२२ मध्ये, आपल्याला तसा संकेत दिसत नाही, असं मांडलं. इतकं पाहिल्यावर समितीला हवा असतो तो आपलं मोजमाप कुठे दगा देऊ शकतं हे ठाऊक असलेला माणूस. एक परिच्छेद त्यावर खर्च करा. सर्वात धोकादायक पद्धतशीर त्रुटी (उपकरणामुळे किंवा पद्धतीमुळे एकाच दिशेने होणारी चूक) कोणती, ती तुम्ही कशी पकडणार, आणि पकडता आली नाही तर निष्कर्षातलं काय शिल्लक राहतं.

आराखडा एकाच प्रकल्पावर टांगू नका. सीएमबी-एस-४ या मोठ्या नियोजित प्रयोगाला यापुढे पाठबळ देणार नसल्याचं अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने आणि नॅशनल सायन्स फाउंडेशनने मे २०२५ मध्ये सांगितलं. ज्यांची पुढची तीन वर्षं त्याच नावाने आखली होती, त्यांची अवस्था काय झाली असेल! शिवाय डेटा तुम्हाला मिळणार आहे का? डेसीचा पहिला संच मार्च २०२५ पासून सर्वांना खुला आहे. चिलीतल्या रुबिन वेधशाळेचं तसं नाही. तिच्या ताज्या डेटावर अमेरिका, चिली आणि ठरावीक आंतरराष्ट्रीय भागीदारांचाच हक्क आहे. यजमान संस्थेमार्फत तो हक्क मिळत असेल तर तसं एका ओळीत लिहून टाका.

शिफारसपत्रांबद्दल. तिन्ही पत्रं एकाच इमारतीतून गेली की वाचणाऱ्याला वाटतं, या मुलीला बाहेर कुणी ओळखत नाही. एक पत्र अशा सहलेखकाचं हवं ज्याने तुम्हाला रात्री कोडमधला घोळ निस्तरताना पाहिलंय. आपल्याकडच्या काही ज्येष्ठांचं पत्र "प्रामाणिक, कष्टाळू, सुस्वभावी" एवढ्यावर संपतं. ते स्थळाच्या चौकशीला पुरेसं आहे, पोस्टडॉकला नाही. म्हणून महिनाभर आधी गाईडना एक पान द्या: कोणती तीन कामं, त्यात तुमचं काय, कुठे अर्ज करताय, कधीपर्यंत. आणि सरळ विचारा, "सर, तुम्ही सविस्तर लिहू शकाल ना?" उत्तर द्यायला वेळ लागला तर दुसरं नाव शोधा.

जाता जाता, "रिस्पेक्टेड सर" ने सुरू होणारी, वीस प्राध्यापकांना एकच गेलेली ओळखीची मेल लगेच ओळखू येते. आडनावाने संबोधा आणि त्यांच्या एका शोधनिबंधातल्या एका आकृतीबद्दल प्रश्न विचारा. पाच-सहा ओळी पुरेत.

मुलाखत होते, पुढे काही नाही

मुलाखत अर्ध्या तासाची असते आणि उमेदवार त्यातली वीस मिनिटं स्लाइड दाखवण्यात घालवतो. तसं करू नका. "तुमच्या निकालावर स्वतः तुमचा किती विश्वास आहे?" हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. एकाला मी हा विचारला तेव्हा तो म्हणाला, "गाईडनी तपासलंय." पुढे विचारण्यासारखं काही उरलं नाही. मित्राला समोर बसवून, मराठीत का होईना, दोन वेळा उत्तरं देऊन बघा. जे मराठीत सोपं करून सांगता येत नाही ते बहुधा अजून नीट कळलेलं नसतं.

निवड झाली, पण रुजू होता येत नाही

हे खास आपल्याकडचं. थिसिस सबमिट झाला, परीक्षकांचे अहवाल येईनात, व्हायव्हाची तारीख लागेना, आणि करारात लिहिलंय की पदवी हातात हवी. माझे स्वतःचे पाच महिने यात गेले. विद्यापीठाच्या ज्या खिडकीवर मी हेलपाटे घातले तिथल्या शिपायाला माझा विषय तोंडपाठ झाला होता. उपाय कंटाळवाणे आहेत: सबमिशन शक्य तितक्या लवकर उरकायचं, करारावर सही करण्यापूर्वी "पदवीचं नोटिफिकेशन किंवा प्रोव्हिजनल चालेल का" हे लेखी विचारायचं, आणि व्हिसाला किमान तीन महिने धरायचे. रुजू होण्याची तारीख बहुतेक ठिकाणी एक-दोन महिने पुढे सरकते, फक्त आधी सांगावं लागतं.

दुसरीकडून उत्तर यायचं असेल तर हातातली ऑफर घाईने स्वीकारू नका. अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या धोरणानुसार १५ फेब्रुवारीपूर्वी उत्तरासाठी दबाव आणू नये असा संकेत आहे. तो सगळेच पाळतात असं नाही, पण नम्रपणे त्याची आठवण करून देता येते.

त्या तारखेनंतरही हंगाम संपत नाही. ज्यांना दोन-तीन ऑफर होत्या ते उरलेल्या सोडतात आणि त्या जागा फेब्रुवारीअखेर, मार्चमध्ये यादीतल्या पुढच्यांकडे जातात. प्रतीक्षायादीत असाल तर तेव्हा दोन ओळींची मेल पाठवा: निबंध स्वीकारला गेला, व्हायव्हा झाली, अजून इच्छुक आहे. एकदाच. दर सोमवारी नाही.