कादंबरीसाठी चित्रकाराकडून टॅरो पत्ते काढून घेताय? मग या चुका टाळा

जगात सगळ्यांत जास्त ओळखला जाणारा टॅरोचा, म्हणजे भविष्य बघायच्या चित्रपत्त्यांचा, कॅट १९०९ साली लंडनमध्ये निघाला. छापला विल्यम रायडर यांच्या प्रकाशनसंस्थेने, आखणी केली आर्थर वेट यांनी, आणि कित्येक दशकं तो ‘रायडर-वेट’ याच नावाने विकला गेला. चित्रं मात्र सगळी पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. तिला ठरावीक रक्कम मिळाली, तीही बेताची, रॉयल्टी नाहीच. एवढं मोठं काम केलं आणि पैसे अगदी थोडे मिळाले, असं तिने त्याच वर्षी छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीगलिट्झ यांना पत्रातून कळवलं होतं. १९५१ मध्ये ती वारली. ‘रायडर-वेट-स्मिथ’ म्हणायची पद्धत रुळली ती फार नंतर.

आज फँटसी कादंबऱ्या स्वतःच प्रकाशित करणारे इंग्रजी लेखक जाहिरातीसाठी आपल्या पात्रांचे टॅरो पत्ते चित्रकारांकडून काढून घेतात. इंग्रजीतून लिहून याच बाजारात उतरणारे मराठी लेखकही आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. कल्पना उत्तम आहे. एका उभ्या चौकटीत पात्राचा स्वभाव, त्याचं शस्त्र, त्याचं दुःख मावतं, आणि पुस्तक न वाचलेला माणूसही ते चित्र बघून थांबतो. पण पत्ते म्हणजे जाहिरात आणि चित्रकार म्हणजे जाहिरातीचा माल पुरवणारा, अशी समजूत करून घेतली की गडबडी सुरू होतात. पत्त्यांचा संच ही दुसरी स्वतंत्र कलाकृती आहे. तिला तिचा कर्ता आहे आणि तिचा वेगळा गिऱ्हाईकही आहे.

हक्क गप्पांमध्ये ठरवणं

इन्स्टाग्रामवर ओळख होते, चित्रं आवडतात, पैसे पाठवले जातात, चित्र येतं. वर्षभराने लेखकाला त्याच चित्रांचा कॅट छापून विकावासा वाटतो आणि तिथे वाद उभा राहतो. पैसे दिले म्हणजे चित्र आपलं, असं लेखक धरून चालतो. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तसं नाही. बाहेरच्या चित्रकाराकडून काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, लेखी हस्तांतरण नसेल तर, चित्रकाराकडेच राहतो. लेखकाला मिळते ती फक्त वापरण्याची परवानगी, आणि ती किती रुंद यावर भांडण.

भारतात गोष्ट थोडी वेगळी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की मोबदला देऊन काढून घेतलेल्या पेंटिंगचा किंवा व्यक्तिचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढून घेणारा असतो. पण टॅबलेटवर काढलेलं चित्र त्या शब्दांत बसतं का, यावर वाद घालत बसण्यापेक्षा कागद करावा. त्याच कायद्याचं कलम १९ तर प्रत्येक लेखकाने एकदा वाचावंच. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी हवेत. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे तुमचं पुस्तक मुख्यतः अमेरिकेत विकलं जात असेल आणि करारात देशाचा उल्लेखच नसेल, तर नेमका हवा तो बाजार हातात नाही. शिवाय कलम ५७ प्रमाणे कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा चित्रकाराचा अधिकार हक्क विकल्यावरही त्याच्याकडेच राहतो.

करारात किती पत्ते, किती वेळा दुरुस्ती, पैसे कोणत्या टप्प्यावर, हे लोक लिहितात. राहून जातो तो वापर. समाजमाध्यमांवर टाकणं, पुस्तकाच्या आत छापणं, विकण्यासाठी कॅट काढणं, पोस्टर आणि टी-शर्ट या चार वेगळ्या परवानग्या आहेत आणि त्यांची किंमतही वेगळी असायला हवी. कॅट विकणार असाल तर प्रत्येक कॅटमागे चित्रकाराचा वाटा ठरवा. माझं यावर ठाम मत आहे. अठ्ठ्याहत्तर चित्रं हे एका माणसाच्या आयुष्यातले अनेक महिने असतात; त्यांचा मोबदला ‘तुमचं नाव होईल’ हा असूच शकत नाही. आणि उलट बाजूही लिहा: पात्रं तुमची आहेत, तेव्हा त्यांचे प्रिंट चित्रकाराने स्वतः विकायचे का, तेही कागदावर येऊ द्या.

चित्रं झाली आहेत आणि करार नाही, अशी स्थिती असेल तर आत्ताच एक पानी पत्र करा. चित्रांची यादी, वापराचे प्रकार, मुदत, देश आणि दोघांच्या सह्या. संबंध चांगले असताना हे अर्ध्या तासाचं काम आहे.

जुन्या टॅरोतली चित्रं उचलतानाही भान ठेवा. स्मिथच्या मूळ चित्रांवरचा कॉपीराइट अमेरिकेत फार पूर्वीच संपला, भारतात साठ वर्षांच्या नियमाने २०११ अखेर आणि ब्रिटनमध्ये सत्तर वर्षांच्या नियमाने २०२१ अखेर. पण नंतर नव्याने रंगवलेल्या आवृत्त्यांवर प्रकाशक हक्क सांगतात. फ्रीडा हॅरिस यांनी काढलेला थॉथ टॅरो तर जुना दिसतो म्हणून मोकळा समजू नका. त्या १९६२ मध्ये गेल्या, म्हणजे ब्रिटनमध्ये तो २०३२ अखेरपर्यंत संरक्षित आहे.

टॅरो न समजून घेता पात्रं चिकटवणं

नायकाला ‘सम्राट’, खलनायकाला ‘मृत्यू’, नायिकेला ‘सम्राज्ञी’ अशी वाटणी पाच मिनिटांत होते आणि टॅरो जाणणारा माणूस ती तितक्याच वेळात बाजूला सारतो. ‘मृत्यू’ हा पत्ता एक पर्व संपून दुसरं सुरू होण्याचा आहे; तो राज्य सोडून संन्यास घेणाऱ्या पात्राला जास्त शोभेल. खलनायकाला साखळदंड आवडत असतील तर ‘सैतान’ आहे, आणि सगळं कोसळवणारी घटना असेल तर ‘मनोरा’. आधी पात्राच्या प्रवासाचं एक वाक्य लिहा, मग पत्ता शोधा. क्रमांकही तपासा: जुन्या मार्सेय (फ्रेंच) परंपरेत ‘न्याय’ आठवा आणि ‘बळ’ अकरावा, वेट यांनी त्यांची अदलाबदल केली. कोणती परंपरा धरली ते चित्रकाराला सांगितलं नसेल तर अर्ध्या पत्त्यांनंतर आकडे जुळत नाहीत.

दुसरी चूक आकड्याची. पूर्ण कॅट अठ्ठ्याहत्तर पत्त्यांचा: बावीस मेजर अर्काना (‘सम्राट’, ‘मृत्यू’ यांसारखे मुख्य पत्ते) आणि चार रंगांचे छप्पन्न मायनर. पहिल्याच पुस्तकाच्या लेखकाने अठ्ठ्याहत्तरचा घाट घातला की पैसा आणि चित्रकाराचा उत्साह बहुतेक वेळा तिशीच्या आसपास आटतो. आधी पाच-सहा पत्ते, मग बावीस. बावीसांचा संच स्वतःच पूर्ण मानला जातो, तो विकताही येतो. बाकीचे छप्पन्न पुढच्या भागांसोबत येऊ शकतात, आणि मालिका लिहिणाऱ्याला ते सोयीचंही पडतं.

मराठी लेखकाला इथे आणखी एक वाट आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा असे एकशे वीस गोल पत्ते, लाखेच्या झिलईचे, हाताने रंगवलेले. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली. कथा कोकणातल्या देवराईत घडत असेल तर पंधराव्या शतकातल्या इटालियन खेळातून आलेली चौकट कशाला उसनी घ्यायची? फक्त तिथेही तोच नियम: कारागिराचं नाव, त्याचा मोबदला, त्याची वेळ. गंजिफेची शैली स्वस्तात उतरवून घेऊन कारागिराला वगळणं, हे स्मिथच्या बाबतीत झालं तेच पुन्हा करणं आहे.

चित्र दाखवण्याचा क्रमही जपा. तिसऱ्या भागात मरणारा गुरू पहिल्या भागाच्या जाहिरातीत ‘फाशी गेलेला’ म्हणून दिसला, तर वाचकाचा धक्का तुम्हीच आधी काढून घेतलात.

यंत्राचं चित्र लपवणं

फँटसीचे वाचक आणि टॅरो जमवणारे लोक या विषयावर फार संवेदनशील आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे. फँटसी लेखक मार्क लॉरेन्स २०१५ पासून स्वयंप्रकाशित फँटसीची एसपीएफबीओ ही मोठी स्पर्धा चालवतात. २०२३ मध्ये तिच्या मुखपृष्ठ स्पर्धेत पहिलं आलेलं चित्र एआयच्या मदतीने केल्याचं उघड झालं. चित्रकाराने तसं नसल्याचं सांगितलं होतं, लेखकाने विश्वास ठेवला होता. पुढे ती मुखपृष्ठ स्पर्धाच बंद झाली. लोकांकडून आगाऊ पैसे उभे करण्याच्या किकस्टार्टर या संकेतस्थळाने २०२३ पासून एआयचा वापर जाहीर करणं सक्तीचं केलं आहे, आणि स्वतः पुस्तक प्रकाशित करण्याच्या अ‍ॅमेझॉनच्या केडीपी या सेवेवरही पुस्तक चढवताना एआयने तयार केलेल्या चित्रांची माहिती द्यावी लागते. चित्रकाराकडून कच्ची रेखाटनं आणि थर असलेली मूळ फाइल मागून घ्या. तशी अट करारात आधीपासून असली की मागताना अवघडल्यासारखं होत नाही.

सवलतींचं वेळापत्रक एकमेकांत अडकवणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक इथे होते, कारण नियम वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेले असतात आणि एकमेकांना छेदतात.

ई-पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये, म्हणजे ते फक्त अ‍ॅमेझॉनवरच ठेवण्याच्या योजनेत, घातलं की नव्वद दिवस ते दुसरीकडे कुठेही देता येत नाही, फुकटसुद्धा नाही. आता याच काळात तुम्ही टॅरोच्या कॅटसाठी किकस्टार्टर मोहीम चालवली आणि आधार देणाऱ्यांना बक्षीस म्हणून ई-पुस्तक पाठवलं, तर करार मोडला. छापील पुस्तक आणि पत्ते यांना बंधन नाही. बंधन डिजिटल प्रतीला आहे. तेव्हा आधी सगळ्यांना ई-पुस्तक पाठवून वितरण थांबवा, मग सिलेक्टमध्ये जा. आधीच सिलेक्टमध्ये असाल तर आपोआप नूतनीकरणाची खूण काढा, मुदत संपू द्या, तोवर आधार देणाऱ्यांना फक्त नमुना प्रकरण द्या. दहा टक्क्यांपर्यंतचा भाग बाहेर देता येतो.

सिलेक्टच्या एका नव्वद दिवसांच्या फेरीत पाच दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं किंवा काउंटडाउन सवलत (थोड्या दिवसांपुरती उतरवलेली किंमत) घेता येते, दोन्ही नाही. आणि काउंटडाउन फक्त अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या दुकानात चालते. भारतातल्या मित्रांना ‘आज स्वस्त आहे, घ्या’ असं सांगून बसलात तर त्यांना पूर्ण किंमत दिसेल.

वाचकांना ईमेलने स्वस्त ई-पुस्तकं कळवणाऱ्या बुकबबची मुख्य जाहिरात मिळवणं कठीण, पण मिळाली तर पहिल्या भागाचं नशीब बदलू शकते. किंमत किमान निम्मी उतरवावी लागते, आणि गेल्या नव्वद दिवसांत त्याहून स्वस्त दिलेलं नसावं लागतं. गेल्या महिन्यात पुस्तक फुकट वाटलं असेल तर या महिन्यातला नव्व्याण्णव सेंटचा अर्ज अडतो. म्हणून बुकबबचा अर्ज आधी, बाकी सगळ्या सवलती त्याच्या उत्तरानंतर.

फुकटच्या दिवसांत भरपूर प्रती गेल्या आणि नंतर शांतता, अशी तक्रार ऐकू येते. बहुतेक वेळा कारण साधं असतं: दुसरा भाग तयार नाही, किंवा पहिल्याच्या शेवटी त्याचा दुवा नाही. तीच गोष्ट पत्त्यांच्या पोस्टची. चित्राला शेकडो लोक दाद देतात आणि पुस्तक विकलं जात नाही, कारण चित्रावर पुस्तकाचं नाव नाही आणि पात्राबद्दल वाचकाला ओढणारं एक वाक्यही नाही. केडीपीच्या सात कीवर्डच्या खान्यांत ‘टॅरो’ घालायचा मोहही आवरा. त्या शब्दाने भविष्य बघायला शिकवणारं पुस्तक शोधणारे येतात, निराश होतात आणि परीक्षणात तसं लिहितात.

परीक्षणांसाठी कुटुंबीयांना कामाला लावू नका, लेखकांनी आपसांत अदलाबदल करू नका. अ‍ॅमेझॉन अशी परीक्षणं काढून टाकतं, कधी खऱ्या वाचकांचीही त्यासोबत जातात. पत्ता भेट देऊन त्या बदल्यात परीक्षण मागणं हाही मोबदलाच झाला. भेट द्यायची तर सगळ्यांना द्या, कोणत्याही अटीविना.

छापखाना आणि पार्सल

टॅरोचा रूढ आकार ७० बाय १२० मिलिमीटर. चारही बाजूंना ३ मिलिमीटर कापण्यासाठी जादा धरले तर ३०० डीपीआयला (इंचामागे ३०० ठिपके) साधारण ९०० बाय १४९० पिक्सेल लागतात, आणि पोस्टर काढायचं असेल तर त्याच्या कितीतरी पट. चित्रकाराला हे पहिल्या रेखाटनाआधी सांगा. अगदी बारीक पांढरी किनार ठेवू नका. कापताना पत्ता अर्धा मिलिमीटर जरी सरकला तरी किनार एका बाजूला जाड दिसते. पडद्यावरचे झगझगीत निळे-जांभळे रंग सीएमवायके, म्हणजे चार शाईंच्या, छपाईत मंदावतात, आणि फँटसीत नेमके तेच रंग जास्त असतात. पाठीची नक्षी उलटी धरली तरी तशीच दिसली पाहिजे, नाहीतर पत्ता उलटा आहे (उलट्या पत्त्याचा अर्थ वेगळा लावतात) हे पाठीवरूनच कळतं आणि टॅरो बघणाऱ्याला तो कॅट निरुपयोगी होतो. ही एक चूक मी सुंदर संचांतही पाहिली आहे. पूर्ण छपाईआधी एक नमुना कॅट हातात घेऊन पिसून बघा.

पार्सलचा हिशेब मोहीम सुरू होण्याआधी करा. अमेरिकेत पुस्तकांसाठी टपालाचा स्वस्त मीडिया मेल दर आहे. त्याच खोक्यात पत्ते घातले की तो दर मिळत नाही. ब्रिटनमध्ये छापील पुस्तकावर व्हॅट शून्य आहे, पत्त्यांवर नाही. आणि ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरखालच्या पार्सलांना असलेली आयातशुल्काची सूट थांबवली आहे. भारतातून एक-एक कॅट पाठवायचा बेत असेल तर हे शुल्क कोण भरणार ते मोहिमेच्या पानावर आधीच लिहा, किंवा सगळा माल एकदम तिथल्या वितरकाकडे पाठवून तिथूनच टपालाने वाटा.