गोव्याचं तिकीट: दाबोळी की मोपा?

‘गोवा एअरपोर्ट’ हा शब्द आता विसरा. ५ जानेवारी २०२३ ला पेडणे तालुक्यात मोपाचं विमानतळ सुरू झालं, पण वास्कोजवळचं दाबोळी काही बंद झालं नाही. दोन्ही चालू आहेत. मध्ये साठ-पासष्ट किलोमीटर आणि तीन नद्या: जुवारी, मांडवी, शापोरा.

तिकीट काढताना विमानतळाचा कोड वाचा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. तिकिटावर ‘मनोहर’ दिसलं तरी मोपाच. परतीचा कोड वेगळा वाचा. स्वस्त तिकिटाच्या नादात जाणं एका विमानतळावर आणि येणं दुसऱ्यावरून, असं सहज होतं.

माझं झालं. कोलव्याहून निघताना टॅक्सीवाल्याला म्हटलं, “एअरपोर्ट.” दक्षिण गोव्यात एअरपोर्ट म्हणजे दाबोळी, त्याची काय चूक? गेटवर शिपायाने मोबाइलवरचं तिकीट बघितलं आणि नुसतं म्हणाला, “मोपा.” विमान अडीच तासांवर होतं. पोचलो तेव्हा काउंटर बंद. तेव्हापासून मी टॅक्सीत बसताना ‘मोपा’ किंवा ‘दाबोळी’ हेच म्हणतो, आणि ड्रायव्हरकडून एकदा वदवून घेतो.

एकावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर नीट ऐका. नकाशा दीड तास दाखवतो, त्यावर जाऊ नका. जुवारीचा नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीला होणाऱ्या वाहतूक कोंडीचा ताप कमी झाला, पण पणजीजवळ पर्वरीत उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून संध्याकाळी तिथे गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते. दोन तिकिटं वेगळी काढली असतील तर सामान आपोआप पुढे जात नाही. बेल्टवरून उचला, न्या, पुन्हा चेक-इन करा. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी थांबणार नाही. “तीन तास पुरतात” म्हणणाऱ्यांनी पावसाळ्यात एकदा करून दाखवावं. मी सहा तास धरतो. वेळ उरला तर पणजीत जेवतो.

गोव्यात ओला-उबर नाही. बाहेर पडण्याआधी प्रीपेड काउंटरवर पावती घ्या. कदंबची, म्हणजे गोव्याच्या एसटीची, बस स्वस्त पडते, पण विमान गाठायचं असताना तिच्या भरवशावर राहू नका.

बांदा-सावंतवाडीला जाणाऱ्यांनी या भानगडीत पडूच नये. सरळ मोपाचं तिकीट काढा; पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली की बांदा आलंच.