भाड्यातून हप्ता फिटत नाही : दुसरा फ्लॅट घेताना या चुका टाळा

‘हप्ता भाड्यातूनच निघेल, तुमच्या खिशातून काय जातंय?’ पुण्यात वाकड, हिंजवडी, खराडीच्या साइट ऑफिसांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. सही करण्याआधी ते एकदा कागदावर मांडून बघा.

समजा, बांधकाम चालू असलेला ८० लाखांचा टू-बीएचके आहे. ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, म्हणजे ६४ लाख. उरलेले १६ लाख तुमचे. शिवाय ७ टक्के मुद्रांक शुल्क ५ लाख ६० हजार, नोंदणी ३० हजार, ५ टक्के जीएसटी ४ लाख. हातात जवळपास २६ लाख हवेत, आणि पहिली मोठी चूक इथेच होते : कमी पडलेले पैसे वैयक्तिक कर्जाने भरले जातात. मग एका घराचे दोन हप्ते सुरू होतात. पैसे कमी पडत असतील तर लहान फ्लॅट बघा किंवा थांबा. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का वाचतो, तो जरूर वाचवा.

आता हप्ता. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर महिन्याला सुमारे ५५,५०० रुपये. भाडं २२ हजार आलं, तरी ३३ हजारांहून जास्त पगारातूनच जाणार. त्यात मेंटेनन्स आहे, सोसायटीचा बिनभोगवटा आकार आहे (मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी घेते ती रक्कम; सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त मागितला तर ठामपणे नकार द्या), दोन भाडेकरूंमधले रिकामे महिने आहेत. पुणे महापालिकेची मिळकतकरातली ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यालाच मिळते, हेही बहुतेकांना बिल हातात आल्यावर कळतं. ताबा मिळेपर्यंत तर भाडं शून्य आणि व्याज मात्र चालू.

‘व्याजावर टॅक्स वाचतो’ हे अर्धंच खरं आहे. जुन्या करप्रणालीत भाड्याने दिलेल्या घराचा तोटा (भाड्यापेक्षा व्याज जास्त गेल्याने होणारा) पगारातून वर्षाला २ लाखांपर्यंतच वजा होतो. नव्या प्रणालीत हा तोटा पगारातून वजाच होत नाही. तुम्ही कुठल्या प्रणालीत आहात, ते आधी बघा.

कागदांबाबत थोडक्यात : महारेराच्या (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्प तपासा, वकिलाकडून सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा तपासलेला अहवाल) घ्या, तयार फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्राशिवाय (इमारत राहण्यायोग्य असल्याच्या सरकारी दाखल्याशिवाय) पुढे जाऊ नका. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ‘स्कीम आजच संपतेय’ असं कुणी म्हणालं तरी नाही.

फ्लॅट आधीच घेतलाय आणि ओढाताण होतेय? फ्लोटिंग (वेळोवेळी बदलणाऱ्या) दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. बोनस आला की थेट मुद्दलात भरा. सुरुवातीच्या वर्षांत त्याचा फायदा सर्वांत जास्त. नव्या ग्राहकांना बँक किती दर देतेय ते विचारा आणि तुमचा जास्त असेल तर रूपांतर शुल्क भरून तो कमी करून घ्या. व्याजदर वाढला की बँका बहुधा मुदत लांबवतात. त्याऐवजी हप्ता वाढवण्याचा पर्याय मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. आणि लिव्ह अँड लायसन्स करार (भाडेकरूशी होणारा करार) दरवेळी नोंदवा. महाराष्ट्रात ती जबाबदारी घरमालकाची आहे; नोंदणी नसेल तर वादात भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.