नोकरी पण सोडायची आणि घर पण बदलायचं? मग आधी क्रम लावा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका कंपनीत स्टोअर्स आणि परचेसमध्ये मी साडेतीस वर्षं काढली. मे २०२५ ला रिटायरमेंट घेतली आणि त्याच महिन्यात दांडिया बाजारातलं भाड्याचं जुनं घर सोडून आम्ही मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये आलो. एकाच महिन्यात दोन्ही. असं अजिबात करू नका, कारण दिवसा ऑफिसात हँडओव्हर आणि रात्री घरी खोकी भरणं, त्यात हे म्हणायचे की बंब विकायचा नाही आणि मी म्हणायचे की मग तो ठेवायचा कुठे. मला विचाराल तर आधी कागद, मग घर, मग नोकरी, आणि घर आणि नोकरीच्या मध्ये तीन-चार महिने तरी ठेवा.

कागद आधी का, ते सांगते. मी नोव्हेंबर १९९४ ला लागले तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे पीएफला माहेरचं नाव, आणि आधार-पॅनला सासरचं. पगार वेळेवर येत होता म्हणून इतकी वर्षं कुणी बघितलंच नाही. पीएफच्या पोर्टलवर जाऊन पहिल्यांदा नीट वाचलं तर नाव जुनं आणि नॉमिनी माझी आई, जी २०११ मध्येच गेली! माझ्यासारखं जुनं खातं असेल आणि नाव आधारशी जुळत नसेल तर ते बदलायला जॉइंट डिक्लरेशन लागतं, ते आपण भरायचं आणि कंपनीने मान्य करायचं, मग गरज पडली तर पीएफ ऑफिस बघणार. तुम्ही अजून खुर्चीवर असाल तर एचआरवाल्या पोराच्या टेबलापाशी उभं राहून हे करून घेता येतं, एकदा गेट पास जमा केला की तोच पोरगा फोन उचलत नाही. म्हणून सोडायच्या निदान सहा महिने आधी नाव, जन्मतारीख, जॉइनिंगची तारीख, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, सगळं आधारशी जुळवून घ्या आणि ई-नॉमिनेशन नव्याने करा, लग्नाआधीचं नॉमिनेशन तसंही लग्न झालं की चालत नाही. सोडल्यावर कंपनीने तुमची एक्झिट डेट टाकली की नाही तेही बघा, ती नसेल तर पीएफ काढायचा फॉर्म १९ पुढे सरकत नाही.

ग्रॅच्युइटीचा हिशोब स्वतः करा. माझ्या वेळी, म्हणजे मे २०२५ ला, तो असा होता: शेवटचा बेसिक आणि डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वर गेलेलं वर्ष पूर्ण धरतात. मी ३० एप्रिललाच सोडणार होते, म्हणजे ३० वर्षं आणि साडेपाच महिने, तेव्हा अकाउंट्समधल्या एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं, बेन, एक महिना थांबा. मे अखेर सोडली तर ३१ वर्षं धरली गेली. माझा बेसिक-डीए मिळून ४२ हजार, म्हणजे एका महिन्याच्या पगाराशिवाय वर २४ हजार जास्त मिळाले. एकूण साधारण साडेसात लाख. टॅक्सची माफी २० लाखापर्यंत आहे, आमच्यासारख्यांना ती पुरून उरते.

लेटरमध्ये राजीनामा असा शब्द लिहू नका, निवृत्ती लिहा, आणि कंपनीकडूनही तसंच सर्टिफिकेट घ्या. पोस्टाची सीनियर सिटिझन स्कीम साठीच्या पुढे सगळ्यांना आहे पण ५५ ते ६० मध्ये रिटायर झालेल्यांनाच आहे, आणि रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत उघडावी लागते. काउंटरवर कागद बघतात. मी ठेवले तेव्हा व्याज ८.२ टक्के होतं, १५ लाखाला तीन महिन्याला ३० हजार ७५० येतात. त्यात भाजी, दूध, लाईट बिल निघतं. पेन्शनच्या भरवशावर बसू नका. जास्त पगारावरचा पर्याय घेतला नसेल तर पीएफवाली पेन्शन ३५ वर्षं भरून पण साडेसात हजाराच्या आसपासच जाते, आणि ५८ च्या आधी घेतली तर दर वर्षाला ४ टक्के कमी, कायमची. मी अजून घेतलेली नाही. पीएफ मात्र ५५ नंतर रिटायर झालं की पूर्ण काढता येतो, थांबायला लागत नाही.

आता माझा सगळ्यात मोठा घोटाळा. कंपनीचा मोबाईल, कंपनीचं सिम, १२ वर्षं तोच नंबर. आधारला तो, बँकेला तो, पीएफला तो, गॅसला तो, एलआयसीला तो. शेवटच्या दिवशी मी हसत हसत फोन परत दिला, श्रीफळ आणि शाल घेतली, रिक्षात बसले. दुसऱ्या दिवशी बँकेत लॉगिन करायला गेले तर ओटीपी माझ्या जागी आलेल्या मुलाच्या खिशात! बिचारा फोन करून सांगायचा, बेन, लखो (लिहा), चार, सात, बे... असं आठवडाभर चाललं. हसू येतं आता, पण चुकीच्या माणसाच्या हातात गेलं असतं तर? आधारला जोडलेला मोबाईल नंबर बदलायला मला तेव्हा सेंटरवर जाऊन अंगठा द्यावा लागला, आणि तो बदलल्याशिवाय बाकी बरंच काही अडतं. तर स्वतःचं सिम एक वर्ष आधी घ्या आणि एकेक करत सगळीकडे तोच नंबर टाका. ऑफिसच्या ईमेलचं पण तेच.

ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो हे माहिती असूनही लोक सोडून देतात. बीपी-शुगर असेल तर स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं, तेवढं पगार चालू असतानाच संपवलेलं बरं.

घराबद्दल बडोद्यात पहिला प्रश्न लिफ्टचा नाही, पाण्याचा. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी काळाघोडा पुलाला २६ फूट, ऑगस्ट २०२४ ला ती ३५ च्या वर गेली होती. सामा, फतेगंज, कारेलीबाग, अकोटा, वडसर, घरात पाणी आणि सोसायटीत मगर, आपण सगळ्यांनी बघितलंय. ब्रोकर म्हणतो, आंटी, अहीं पाणी नथी आवतुं, म्हणजे इथे पाणी येत नाही. ब्रोकरला विचारूच नका, वॉचमनला विचारा, दूधवाल्याला विचारा, समोरच्या किराणावाल्याला विचारा की २०१९ ला आणि २०२४ ला कुठपर्यंत आलं होतं. मी पार्किंगच्या भिंतीला हात लावून बघितला, नवा रंग फक्त कमरेपर्यंत होता, वरचा जुना. ते घर तिथेच सोडलं. म्हातारपणी तळमजला बरा असं सगळे म्हणतात, मी पहिला मजला घेतला, लिफ्ट बंद पडली तरी चढता येतो आणि पाणी आलं तरी गादी कोरडी.

रीसेल असेल तर बीयू परमिशन (इमारत वापरायची परवानगी), इंडेक्स-२, आधीचे सगळे दस्तावेज, भरलेल्या वेऱ्याची (घरपट्टीची) पावती आणि सोसायटीचं काही बाकी नाही असं पत्र, एवढं वकिलाला दाखवल्याशिवाय बाना (टोकनचे पैसे) देऊ नका. दस्तावेज फक्त बाईच्या नावावर केला तर गुजरातमध्ये १ टक्का रजिस्ट्रेशन फी माफ आहे, स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के भरावीच लागते. ४५ लाखाच्या फ्लॅटला ४५ हजार वाचतात. ह्यांना जरा लागलं, पण आकडा बघून गप्प बसले. लोन थोडं जरी लागणार असेल तरी पगाराची स्लिप चालू असतानाच घ्या, रिटायर झाल्यावर बँकेचा मॅनेजर चहा तेवढा पाजतो.

सामानाचं सांगते. टेम्पो मे महिन्यात मिळत नाही आणि मिळाला तर माज करतो. कमुरत्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत, गुजराती लोक घर बदलत नाहीत, तेव्हा टेम्पोवाले रिकामे असतात आणि भावही ऐकतात. तुम्हाला मुहूर्ताचं अडत नसेल तर तेव्हाच करा. मुहूर्त पाळणाऱ्या आमच्यासारख्यांनी कमुरता लागायच्या आदल्या रविवारी जाऊन देव ठेवायचे, दूध उतू घालवायचं, आणि सामान मग आरामात. फेकायचं काय हे ऑफिसातून रिटायर व्हायच्या आधी ठरवू नका, तेव्हा सगळंच फेकावंसं वाटतं. मी पाटा-वरवंटा पस्तीवाल्याला (रद्दीवाल्याला) दिला आणि आता चटणी करताना रोज आठवतो. बंब आला, बाल्कनीत आहे, त्यात तुळस लावलीय.

लाईट बिलाचं नाव आणि पाईप गॅसचं नाव पहिल्या महिन्यातच बदलून घ्या. आणि जुन्या घराच्या खालच्या पानवाल्याकडे नवा नंबर लिहून द्या. माझं एलआयसीचं पत्र चार महिने त्याच्या गल्ल्याखाली पडलं होतं, सापडलं तेव्हा त्यावर चुन्याचा अंगठा.