शनिवारवाडा सेमी-अ‍ॅब्स्ट्रॅक्ट रंगवताय? या चुका टाळा

सेमी-अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे तपशील गाळायचे, पण जागा ओळखू येईल इतपत ठेवायची. यात सगळ्यात मोठी चूक म्हणजे नीट बघायच्या आधीच धूसर करायला घेणं. बरेच जण दिल्ली दरवाज्याचा फोटो काढतात, घरी येऊन तोच ब्रशने पुसट करतात आणि म्हणतात झालं सेमी-अ‍ॅब्स्ट्रॅक्ट. नाही होत हो तसं! १८२८ च्या आगीत आतले लाकडी महाल गेले, उरली ती दगडी जोती, म्हणजे चित्राला लागणारे चौकोन, पायऱ्या, कारंज्याचा हौद सगळं तिथं आयतंच उघडं पडलंय. तिथं बसून छोटे छोटे पेन्सिल स्केच करा आणि दर स्केचमध्ये आधीच्यातलं काहीतरी काढून टाका, खिडक्या, झाडं, माणसं, मग पायऱ्यांच्या कडा. अजून एक रेघ गेली तर जागाच कळणार नाही असं वाटलं की थांबायचं.

चित्रकार रामकुमार बघा ना. १९६० मध्ये चित्रकार एम. एफ. हुसेनसोबत बनारसला गेले, त्याआधी ते शहरातली उदास माणसं रंगवायचे, पण बनारसच्या चित्रांतून माणसं हळूहळू गेलीच आणि घरं-घाट एकमेकांवर चढलेले रंगाचे तुकडे झाले. तरी घाटाचा उतार आणि भिंतींची दाटी जाणवते, कारण सांगाडा पक्का आहे. मला तरी अवशेष रंगवणाऱ्याने आधी हीच चित्रं बघावीत असं मनापासून वाटतं.

आता रंग. आपला दगड काळा म्हणून ट्यूबमधला काळा थेट लावू नका, चित्र मेलेलं दिसतं. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळा, निळं जास्त तर सावली, अंबर जास्त तर उन्हातला दगड, दोन्ही एकाच मिश्रणातून निघतात. रंगांचा चिखल झाला असेल तर बहुतेक वेळा ओल्या थरावरच घासत बसलात हे कारण असतं. अ‍ॅक्रिलिक सुकू द्या, मग पॅलेट नाइफने, म्हणजे रंग लावायच्या बोथट पात्याने, रंग वरून एकदाच ओढा, खालचा रंग मधूनमधून दिसला की भिंतीचा जुनेपणा आपोआप येतो. अ‍ॅक्रिलिक सुकल्यावर थोडं गडद होतं हेही धरून चला, आणि ऑइलवर अ‍ॅक्रिलिक कधीच नको, नीट धरत नाही, पुढे सोलून निघतं.

एवढं करूनही चित्र सपाट वाटलं तर मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, सगळं एकाच राखाडीत दिसलं तर रंग बदलू नका, एका बाजूच्या सावल्या बिनधास्त गडद करा.